मास्तरमामांचा कान

पहिल्या दिवशी मास्तरमामा कुणाच्याही हातात स्टिअरिंग देत नसत. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून स्वतः चालकाच्या जागेवर बसायचे, शिकणाऱ्याला डोळे मिटायला लावायचे आणि ॲक्सिलरेटर कमीजास्त करत विचारायचे, "काय म्हणतीय?" शिकायला आलेला माणूस गोंधळून जाई. "गिअर कवा बदलायचा ते गाडीच सांगती. आपण निस्तं ऐकायचं," असं त्यांचं म्हणणं. पुंडलिकनगरातल्या कितीतरी सुना आणि निवृत्त मंडळी त्यांच्याकडे गाडी शिकली.

ते माझ्या आईचे थोरले भाऊ. मी सोयगावहून नोकरीसाठी शहरात आले तेव्हा त्यांच्याकडेच राहिले. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम असल्यानं नटबोल्टांची मला भीती नव्हती. मामांचे गुडघे वाकत नसत, त्यामुळे रविवारी क्लासच्या गाडीखाली सरपटायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

मामा कमी बोलत आणि गाडीवर एका पैशाची हौस करत नसत. सीटला कव्हर नाही, आरशाला माळ नाही. म्हणून एके दिवशी ते शहागंजकडच्या एका गॅरेजातून गाडीला पुढून मागपर्यंत नवा मोकळा पाइप आणि धडधडणारा सायलेन्सर बसवून आले, तेव्हा गल्लीतली माणसं दारात आली. "मास्तर, या वयात?" असं शेजाऱ्यांनी विचारलं. मामा नुसते हसले. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली, गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

आठवडाभरात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पेट्रोल जास्त जळू लागलं, पाइपाच्या तोंडाशी काजळी धरली. जुना ऑक्सिजन सेन्सर नव्या पाइपात बसवताना गॅरेजवाल्यानं त्याची वायर तशीच लोंबती सोडली होती. ती तापल्या पाइपाला टेकून वितळली. मामा परत गेले तर तो म्हणाला, "मास्टर, लाइट बंद करके देतूं, टेन्शन नक्को लो."

"दिवा बंद केल्यानं गाडीचं दुखणं जातं व्हय?" एवढं बोलून मामा उठले आणि दुकानातून नवा सेन्सर घेऊन घरी आले.

रविवारी गाडीचा पुढचा भाग ठोकळ्यांवर चढवून मी खाली शिरले. मामा स्टुलावर बसून सांगत होते. "इंजिन गार हाय ना? मग खोल. नव्याच्या टोकाला बोट लावू नको. हे गाडीचं नाक हाय, धुरात किती हवा उरली ते हुंगतं. त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं." सेन्सर आधी हातानंच फिरवून आटे जुळवले, मग पान्यानं आवळला. वायर पाइपापासून लांब बांधली. तिचं टोक जोडायचं काम वर, बॉनेटखाली होतं. ते मामांनी स्वतः केलं. जोड बसल्याचा कट्‌ आवाज मला गाडीखाली ऐकू आला. मामा मात्र दाबतच राहिले.

"बसला मामा," मी म्हणाले.

"व्हय? बरं."

मग इंजिन सुरू केलं. सेन्सरच्या अलीकडे पाइपाचा जोड कुठं फुटका असला तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि पेट्रोल उगाच जास्त सुटतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते वाकून, कान त्या बाजूला करून बराच वेळ थांबले. "ठीक हाय," म्हणाले.

जोडातून फसफस येत होती. मी गाडीखालून बाहेर यायच्या आधीच ती मला स्पष्ट ऐकू आली होती. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"मला नाय आली," ते म्हणाले. "लई दिवसांपासून नाय येत. गाडीचं बोलणं ऐकू यावं म्हणून तर हा भोंगा बसवला. परवा मागून ट्रक हॉर्न देत होता, अन् मी शिकणाऱ्या पोरीला उजवीकडं वळ म्हणलं. तिनंच ब्रेक दाबला. मला तो ट्रक पुढं गेल्यावर दिसला."

मी जोडाचं पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले. दिवा गेला, तो परत लागला नाही. गाडी अगदी ठीक झाली. दुसऱ्या दिवशी मामांनी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन क्लास बंद झाल्याचं सांगितलं. कारण विचारलं तर तेही सांगितलं. मामी मला एवढंच म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या ह्यांना मोजायला सांगायचे मी. भात करपायला लागला तवाच कळलं मला. पण ते बोलंनात, मग मी कशी बोलू?"

गाडी विकायची ठरल्यावर त्यांनी माळ्यावरून कंपनीचा जुना पाइप आणि सायलेन्सर काढला. "घेणाऱ्याला हा आवाज कशाला?" म्हणाले. मी नवं सगळं उतरवून जुनं चढवलं, सेन्सर जुन्या पाइपात बसवला. या वेळी मामांनी कुठंच कान लावला नाही. इंजिन सुरू होताच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान डोलावली.

गाडी एका शाळामास्तरांनी घेतली. किल्ली देऊन, चहा पाजून झाल्यावर मामा अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालू लागले. फाटकाकडे त्यांची पाठ होती. शिक्षकांनी गाडी सुरू केली, सावकाश मागं घेतली, वळवली आणि ती गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मामा पाणी घालतच होते. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

"मामा, गाडी गेली."

"गेली व्हय?" म्हणून ते वळले आणि रिकाम्या फाटकाकडे बघत राहिले.