पेन्येच्या दिवशी हातोडी

कोहिमाच्या डोंगरातल्या त्या गावात विझोनुओच्या जिभेला न घाबरणारं माणूस सापडायचं नाही. नवरा गेल्यावर तिने घराच्या चार खोल्या पाहुण्यांना उघडल्या, आणि नियम दारातच ऐकवायला लागली: विचारल्याशिवाय फोटो नाही, दुसऱ्याच्या शेतात पाय नाही. एकदा एक शहरी साहेब शेजारच्या म्हातारीच्या तोंडाशी कॅमेरा नेऊन "हसा, हसा" करत होता. हिने त्याची पिशवी रस्त्यावर ठेवली. "चालता हो. इथे माणसं राहतात, प्राणिसंग्रहालय नाही."

अशी बाई, आणि त्या दिवशी तीच चुकली.

दिवस पेन्येचा. गारांनी भात झोडपू नये म्हणून अख्खं गाव हात आवरतं, चर्चला जाणारेसुद्धा. गावातल्या कुणी वेशीखाली शेतात उतरायचं नाही आणि कुणीही, अगदी पाहुण्यानेही, मातीत लोखंड घालायचं नाही. एकाने मोडलं की सगळ्यांचं मोडतं. मग गारा पडल्या तर बोटं कुणाच्या दाराकडे वळतील, ते सांगायला नको.

चहाचा पेला घेऊन ती वेशीशी आली आणि खाली भाताच्या पायऱ्यांपाशी केशरी तंबू दिसला. तिचा पाहुणा, बंगळूरचा श्रीहर्ष! तंबूची जागा काल तिनेच दाखवली होती. पेन्येचं सांगायचं तेवढं राहिलं. पोराच्या हातात हातोडी आणि तंबूची लोखंडी खुंटी.

"ए! ठोकू नको रे!"

शब्द खाली पोचले नाहीत; त्याने खुशीत हात हलवला. आपण खाली धावावं, तर नियम आपल्याच पायांनी मोडणार.

मागे नेइसालिए उभा, पेन्येची हाळी देणारा म्हातारा. "काय गं नियमांच्या मास्तरीणबाई, घसा का फोडतेस?"

"काका, आपला पाहुणा..."

"तुझा पाहुणा!"

खाली हातोडी वर गेली. तिथेच थांबली. पोराने चहूकडे पाहिलं, हातोडी खांद्यावरच्या पिशवीत टाकली आणि चढण चढू लागला.

"मावशी," तो धापा टाकत म्हणाला, "लावणीचे दिवस, आणि शेतात चिटपाखरू नाही. म्हटलं, काहीतरी असणार. विचारूनच खुंटी ठोकू."

"एकही ठोकली नाहीस?"

"एकही नाही. तंबूच्या कडांवर नुसते दगड ठेवलेत."

विझोनुओ मटकन दगडावर बसली. अर्धा चहा लुंगीसारख्या गुंडाळलेल्या तिच्या मेखलेवर सांडला, तरी तिला हसूच येत होतं.

"बघ," नेइसालिए खदखदला, "त्याला न सांगता कळलं. तुला ठाऊक होतं, तर सांगायला विसरलीस!"

"गप्प बसा हो काका." उरलेला चहा तिने पोरापुढे धरला. "पी. आज माझ्या चुलीशी झोपायचं. आणि ती हातोडी आण इकडे. उद्यापर्यंत माझ्याकडे राहील."