काकूची लग्नातली चोळी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, त्या काळी मी बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवीत असे. माझी काकू मोताळ्याला राहायची. तिच्या स्तनात गाठ निघाली आणि अकोल्याला शस्त्रक्रिया करून एक बाजू काढून टाकावी लागली. जखम भरून ती घरी आली, तेव्हा तिच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न महिन्यावर आले होते. सुट्टी घेऊन मी मदतीला गेले.

घरातील सर्वांनी काकूला जपण्याचा निश्चय केला होता. पाण्याची घागर तिच्यापासून दूर, जाते दूर. जावयाला दारात ओवाळण्याचा मानही माझ्या आईने, म्हणजे तिच्या थोरल्या जावेने, परस्पर स्वतःकडे घेतला होता. काकू ऐकून घेत असे.

मग एके दुपारी आईने चार बायका बोलावून तिची ओटी भरली. तांदूळ होते, नारळ होता, हळकुंड होते. चोळीचा खण मात्र नव्हता. काकूने पदरात पाहिले.

"काऊन हो बाई, बजाजानं दुकान बंद केलं का?"

आई गडबडली. "तुले वाईट वाटन म्हणून नाही आनला."

"मंग मले इचाराचं ना! छाती कापली, तोंड त जाग्यावरच हाय."

मग एक म्हातारी तोंडाला पदर लावून जी हसू लागली, तिच्यामागे सगळ्याच हसल्या, आणि सर्वांत शेवटी आई. संध्याकाळच्या आत पाच खण घरात आले. काकूने त्यांतला हिरवा निवडला.

"याची शिव, मास्तरीणबाई. लग्नात हेच घालीन. अन् जावयाले मीच ओवाळीन."

मी तिच्या जुन्या चोळीवरून कागद कापला आणि वर्गात समजावून सांगावे तसे सांगितले, "काकू, या बाजूला आतून कप्पा शिवते. पिंजलेला कापूस भरला, की दोन्ही बाजू सारख्या दिसतील."

"अन् घामानं भिजला म्हंजे? कापूस वावरात चांगला, माह्या अंगात नको. तू बाही पाह्य. हात वर जाऊन नाही राह्यला." तिने हात उचलून दाखवला, तो खांद्याशी अडकला. "जावई ताडासारखा उंच हाय. कुंकू काय त्याच्या नाकाले लावू?"

तिला काय हवे आहे हे मला तेव्हा उमगले. मी कप्प्याचा कागद बाजूला ठेवला, काखेत तिरके जादा कापड जोडले आणि शिवण व्रणापासून दूर नेली. काकू प्रत्येक टाक्यानंतर हात हलवून पाही आणि निःसंकोच सांगे, "इथं काचते." मीही उसवून पुन्हा शिवी. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत असा चोख विद्यार्थी मला मिळाला नव्हता. मात्र इथे विद्यार्थी कोण, हा प्रश्नच होता.

हात रोज थोडा वर न्यावा, असे अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. काकूने लग्नघराची भिंत पांढऱ्या मातीने सारवायला मागून घेतली. ओला पोतेरा रोज थोडा वर चढे. कोणी मदतीला गेले, तर ती दटावी, "सरक, माह्या हिश्शाची हाय हे भिंत."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आले. काकू हिरवी चोळी घालून, ताट घेऊन पुढे झाली. आई तिच्या मागे उभी होती, पण हात बांधून. नवरदेवाला कोणी सांगून ठेवले होते कोण जाणे, तो चांगला कमरेत वाकला.

"वाकू नका, जावईबापू," काकू म्हणाली. "सरळ उभे राहा."

तो गोंधळून ताठ झाला. काकूने टाचा उंचावल्या, ओठ मिटले, आणि तिचे बोट त्याच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर टेकले. मागून आई मोठ्याने म्हणाली, "पोचला वं माय, पोचला!" वाजंत्र्यांना वाटले, आपल्यालाच इशारा झाला; त्यांनी सनई सुरू केली.