दोरावर ठकू, बुंध्याशी मी

अंगणात हिरडा वाळत घातला, की एक परतायला जावं तर दहा घरंगळत पायाशी येतात. झाडावर दोरानं चढायच्या आमच्या क्लासचे किस्से तसेच! एक काढला की बाकीचे आपणहून येतात. आणि प्रत्येकात ती असतेच. माझी धाकटी जाऊ, ठकू.

आंबेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. हिरड्याच्या दिवसांत जन्मभर मी शेंड्याला आणि ठकू खाली वेचायला. मला चढायला कुणी शिकवलं नाही, वाचायलाही नाही. दोन्ही माझं मी शिकले. पण गेल्या हंगामात शेजारचा गडी फांदीवरून पडून कंबरेतून गेला, आणि पिंपरी पेंढारकडचे एक सर दोर, पट्टे, हेल्मेटं घेऊन आम्हाला शिकवायला आले. गुडघा धरल्यापासून मी झाडाला हात लावला नव्हता. म्हटलं, दोरानं का होईना, एकदा वर जायचंच!

*

सरांनी पहिलं विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"लोखंड!" मी म्हणाले.

"मग रोज सकाळी शेकती कशाला आक्का? गंज काढाय?" ठकू मागून बोलली.

झालं! सर म्हणाले, "आजी, तुम्ही खाली थांबा. मावशी, तुम्ही पट्टा घाला."

तिला मावशी, मला आजी! चार उन्हाळ्यांनी लहान आहे ती माझ्याहून. चार!

*

मग गाठी. मी मारली ती गाईच्या दाव्याला मारते तशी. सरांनी मोकळं टोक ओढलं, गाठ सुटली!

"आजी, गोठ्याला आग लागली तर ही गाठ लई कामाची. झाडावर नको."

ठकूची आठच्या आकड्याची गाठ पहिल्याच दमात बसली. सर म्हणाले, "व्वा!"

अहो, तिला आठचा आकडा काढायला मीच शिकवला होता. चुलीपुढच्या राखेत!

*

फांदीवरून दोर न्यायचा तर आधी बारीक दोरीला वजनाची पिशवी बांधून ती बेचक्यातून फेकतात. सर हातानं फेकत होते. मी म्हटलं, "सरा बाजूला!" आणि कंबरेची गोफण काढली. राखणीला बसून मी अख्ख्या शिवाराची पाखरं उठवलेली आहेत.

पिशवी अशी गेली, अशी गेली, की हिरड्यावरून पार होऊन शाळेच्या पत्र्यावर! गुरुजी पोरांसकट बाहेर.

"आक्का, पाखरू मेलं का?" ठकूनं विचारलं. मग तिनं पदर खोचला, हातानं पिशवी फेकली, नेमकी बेचक्यात. सर क्लासातल्या दोघांना घेऊन दोराला लोंबकळले, फांदी पारखली आणि म्हणाले, "मावशी, जन्म झाडावर गेलाय वाटतं तुमचा!"

झाडाखाली गेलाय, साहेब. खाली!

*

चढण्याआधी आपला पट्टा दुसऱ्यानं तपासायचा, हा सरांचा नियम. ठकूचा माझ्याकडं आला. मी खोड काढायला टपलेलीच होते. छातीवरच्या कडीचा स्क्रू उघडा! गप्प बसावं, सरांनाच सापडू दे, असं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण जीभ कुठली ऐकतेय!

"ठके, कडी कोण लावणार, तुझा सासरा?"

सर म्हणाले, "आजींचे डोळे बघा सगळ्यांनी!"

कौतुक झालं ते डोळ्यांचं. डोळे काय, घुबडालाही असतात.

आणि फोटो कुणाचा निघाला? नारंगी हेल्मेटातल्या ठकूचा. माझ्या पोटच्या पोरानं तो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'आमची काकी!'

*

शेवटच्या दिवशी ठकू पार वर पोचली. उतरायची वेळ आली तर लुगड्याचा सोगा दोरावर सरकवत चढायच्या हँडलच्या दातांत अडकला. वर जाईना, खाली येईना!

आता, दोराचं दुसरं टोक झाडाच्या बुंध्याशी एका यंत्रात असतं. वरचं माणूस अडकलं, की खालच्यानं तिथून दोर सैल सोडत त्याला उतरवायचं. त्या यंत्राशी कोण बसलं होतं? मी!

"आक्का," वरून आवाज आला, "सोड गं."

"घाई हाय का?"

"आजी!" सर ओरडले.

मी सोडला. सरांनी शिकवलं तस्साच, सावकाश, एकसारखा, हिसका म्हणून नाही. ठकूचे पाय जमिनीपासून वीतभर राहिले, आणि थांबवला.

"आता बोल. शेंडा कुणाचा?"

अख्खा क्लास बघतोय. ठकू लोंबकळतेय, पदर गळ्याशी, हेल्मेट एका कानावर.

"तुझा बाई, तुझाच!"

मी तिला टेकवलं. तिनं हेल्मेट काढलं, माझ्या डोक्यावर ठेवलं आणि आपला पट्टा सोडून माझ्या कंबरेला आवळला. "सर, हिचा एकच गुडघा वाईट हाय. चांगल्या पायानं चढंल. थोडी वर जाऊ द्या, लई दिवस झुरतीय."

सरांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं, फांदीकडं बघितलं आणि मान डोलावली. दुसऱ्या बाईनं माझा पट्टा तपासला. कड्या लागल्या. पाय दोराच्या रिकिबीत गेला. वर हिरडा, इतक्या वर्षांचा माझा!

मागं वळून बघितलं. ठकू बुंध्याशी, यंत्राजवळ मांडी घालून बसली होती. गालात हसत होती.

म्हटलं, "सर, खाली बसायला दुसरं कुणी न्हाई का?"