केरबा नावाचा शोध

केरबा शेलार वडगाव रासाई ते तळेगाव ढमढेरे अशी जीप चालवायचे. साठी जवळ आली तरी आपल्या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो काढला सुनेनं. बाळासाठी नाव शोधताना सुलक्षणानं सहज विचारलं, "आप्पा, केरबा म्हणजे काय हो?"

ते आईलाच ठाऊक असणार. आई तर कधीच गेली होती.

मग त्यांनी जीपमधल्या माणसांना विचारायला सुरुवात केली. निवृत्त शिक्षक सोपानराव म्हणाले, "केदारबाचं झालं असेल." एका कॉलेजच्या पोरीनं मोबाईलवर शोधलं आणि हसू दाबत म्हणाली, "काका, केर म्हणजे कचरा." केरबाही हसले, पण त्या दिवशी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

बाजारच्या दिवशी शेजारच्या सीटवर म्हाताऱ्या झुंबरबाई बसल्या होत्या. त्यांनीच उलगडा केला. "तुझ्या आईची आधीची दोन पोरं गेली. तू झाल्यावर तुला केराच्या ढिगावर ठिवला. टाकलेल्या पोराकडं मरण बघत न्हाई, म्हनायचे तवा. शेजारच्या पुतळानं उचलला, आन् तुझ्या आईनं सूपभर जोंधळं दिऊन इकत घेतला."

"पुतळाबाई हायेत अजून?"

"वरवंडला, लेकीकडं."

दुसऱ्याच दिवशी केरबांनी फेऱ्या बंद ठेवल्या आणि वरवंड गाठलं. पुतळाबाई नव्वदीच्या होत्या. नाव सांगताच त्यांनी केरबांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"लगीच न्हवतं दिलं मी तुला," त्या म्हणाल्या. "ही लेक ललिता पुढं लई वर्सांनी झाली. तवा माझी कूस रिकामीच व्हती. तुला मांडीवर घिऊन आत बसले, दाराला कडी लावून. तुझी आई भाईर उभी. तिनं हाक न्हाई मारली, दार न्हाई वाजवलं. नुसती उभी. मग माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई."

केरबा त्यांच्याजवळ सरकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तेवढ्या वेळात तुम्ही मला काय म्हणत होता?"

"ठिवलं व्हतं एक नाव."

"कोणतं?"

म्हातारीनं मान हलवली. "ते माझं हाय."

केरबांनी पुन्हा विचारलं नाही. लेकीनं जेवायला वाढलं, तसे ते पुतळाबाईंच्या शेजारीच पाटावर बसले. निघताना म्हणाले, "आई, येत्या गुरुवारी येतो."