भिंतीवरचं ट्रम्पेट

कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेत भिंतीवर एक ट्रम्पेट आहे. नळीला भोक पाडून ते स्क्रूने आवळलंय आणि भोंग्यात पिवळा बल्ब बसवलाय. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

माझे गुरू फ्रान्सिससर आयुष्यभर ट्रम्पेटवर जॅझ वाजवत आले. वाजवण्याआधी ते माउथपीस पाच मिनिटं मुठीत धरून बसायचे. एकदा मी घाईघाईत ते थंडच ओठांना लावलं, तर केवढ्यांदा ओरडले, "झोपलेल्या माणसाला गार पाणी ओतून उठवतोस काय रे? आधी ऊब दे, मग सूर माग!" आणि लगेच माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांत धरून हसले.

"हे खाली काढा," मी वेटरला म्हणालो.

"सर, डेकोरेशन आहे ते. वाजत नाही."

वाजत नाही म्हणे! तुमच्या गळ्याला भोक पाडलं तर तुम्ही गाल का?

कॉफी तशीच टाकून मी उठलो. भोंगा बल्बने तापला होता, माउथपीस मात्र गारठलेलं. ते मी मुठीत धरलं. लोक बघायला लागले. बघू देत. पाच मिनिटं मी तिथून हललो नाही.