सैल पट्टा

सदर भागातल्या आमच्या कचेरीच्या फाटकाबाहेर एक मोची बसत असे. बोलायचा कमी, आणि बोलला तर पायांबद्दलच. 'डावा पाय घासत चालता बाबूजी,' असं तो बड्या साहेबांनाही सुनावायचा.

डॉक्टरांनी मला ब्लडप्रेशरची, तेव्हा नव्यानेच निघालेली एक गोळी सुरू केली, आणि महिन्याभरात माझी चप्पल घट्ट होऊ लागली. दोनदा मी त्याच्याकडून पट्टा सैल करून घेतला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

'काही गोळी घेऊन राहिले का?'

'बीपीची. तिच्यामुळेच सूज येते बहुतेक. उद्यापासून बंद करतो.'

त्याने माझी चप्पल उचलून पेटीत टाकली आणि एक जुनी, मोठ्या मापाची जोडी पुढे सरकवली.

'हे घालून पहिले डॉक्टरकडं जा. मंग तुमची भेटन.'

चिडलो, पण अनवाणी कुठे जाणार? तसाच फटक फटक करत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. मनानेच बंद केली असती तर महागात पडलं असतं, म्हणाले.

आठ दिवसांत सूज उतरली. चप्पल मागायला गेलो, तर त्याने आधी घोटा दाबून पाहिला आणि मगच पेटी उघडली.

'त्या दिवशी एवढा हट्ट काहून केला गा?' मी विचारलं.

'माह्या बायकोचे पाय असेच सुजत,' तो म्हणाला. 'मी चप्पल सैल करून देत गेलो. तिनं कोणाले न सांगता बीपीच्या गोळ्याच सोडल्या. लकव्यानं एक अंग गेलं तिचं. आता तिले चप्पल लागत नाही.'