शिवेबाहेरचा वर्ग

गुरुदास खोबरेकर मास्तरांना काळजी करायला एरवीही कारण लागत नसे. आकाशात ढग आला तर यंत्रं गंजतील म्हणून, ऊन पडलं तर रिबिनी वाळतील म्हणून. पण १९५७ च्या जूनपासून त्यांना चांगलं भक्कम कारण मिळालं होतं, आणि ते कारण सरकारी होतं.

मुंबईत फोर्टातल्या एका पेढीत चौदा वर्षं टायपिस्ट म्हणून काढल्यावर दम्याने त्यांना गावी परत आणलं. खारवणे गाव मालवणपासून पाच कोसांवर, खाडीच्या कडेला. देवस्थानच्या धर्मशाळेची एक खोली मानकरी भिकाजीदादांनी त्यांना वापरायला दिली आणि तिथे मास्तरांनी कमर्शियल क्लास उघडला. पाच जुनी टाइपरायटर यंत्रं, एक फळा आणि चौदा विद्यार्थी. टायपिंग, शॉर्टहँड, व्यापारी पत्रव्यवहार. पोराला मुंबईत कचेरीची खुर्ची मिळेल या आशेने आईबाप त्याला भाताच्या कापणीतूनही मोकळं करत.

एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे मान्यता. बिनमान्यतेच्या क्लासातल्या पोरांना मे महिन्याच्या सरकारी परीक्षेचा फॉर्म भरता येत नव्हता. पहिलं वर्ष तसंच वाया गेलं होतं. दुसरं गेलं तर पोरं राहणार नाहीत, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. वर्गातल्या मथुरेचं तर उघडच होतं. तिचा बाप तांडेल, गलबतावरचा माणूस, शब्दाला पक्का. मेपर्यंत शीक, परीक्षा दिलीस तर भावाकडे मुंबईला पाठवतो, नाहीतर वैशाखात लग्न, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मथुरा चौदांत सगळ्यांत वेगाने टाइप करायची, आणि तिची बोटं चाललेली पाहिली की मास्तरांना आनंदाच्या आधी भीती वाटायची.

अर्ज त्यांनी जूनमध्येच केला. तपासणी डिसेंबरात ठेवावी, म्हणजे पाऊस सरलेला असेल, कापण्या झालेल्या असतील, वर्ग भरलेला दिसेल, असंही सुचवलं. माणूस हुशार होता, पण चौदा वर्षं मुंबईत राहिल्यामुळे गावाच्या वर्षांचा हिशेब विसरला होता. गावच्या कुठल्याही शेंबड्या पोराने त्यांना सांगितलं असतं की हे चौथं वर्ष आहे.

दर चौथ्या वर्षी खारवणे तीन दिवस देवाला मोकळं करून देतात. गावपळण म्हणतात तिला. माणसं, गुरं, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे ओहोळापलीकडे शिवेबाहेर झोपड्या घालून राहतात. गावात चूल पेटत नाही, दाराला कुलूप लागत नाही. चौथ्या दिवशी देवाने उजवा कौल दिला की परत यायचं. आणि निघायचं केव्हा, तेही पंचांग सांगत नाही, देव सांगतो, जेमतेम आठ-दहा दिवस आधी.

तपासनीस साहेबांचं पत्र दिवाळीनंतर आलं. बारा डिसेंबर, सकाळी अकरा, वर्ग अर्जात लिहिलेल्या जागी चालू असावा. त्यानंतर तीन आठवड्यांनी कौल लागला. दहा डिसेंबरला निघायचं, तेराला परत. दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन मास्तरांनी तार केली. उत्तर आलं नाही. पुन्हा तार केली. पोस्टमास्तरांनी तिसऱ्या वेळी त्यांना पाहिल्यावर चहा पाजला आणि घरी पाठवलं.

मग ते भिकाजीदादांकडे गेले. दादा सत्तरीचे, गावाचे पहिले मानकरी. दोन तासांपुरती खोली उघडू द्या, साहेब आणि मी दोघेच, पोरंही नको, असं मास्तरांनी चार तऱ्हांनी विनवलं. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, तीन दिस गाव आपण देवाक दिलो," ते म्हणाले. "दिलेली वस्तू मधीच परत मागतत काय?"

दहा तारखेला नगारा वाजला तेव्हा मास्तरांची पाचही यंत्रं गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीतून ओहोळापलीकडे गेली, मागोमाग बायको विमला, दोन पोरं आणि कोंबड्यांची खुराडी. झाडांच्या सावलीत पोरांनी तांदळाच्या पेट्यांवर यंत्रं मांडली. गाव आनंदात होतं. माहेरी आल्यासारख्या बायका गप्पा मारत होत्या, पोरांना तर जत्राच. मास्तर मात्र झोपडीबाहेर बसून पुन्हा पुन्हा तेच मनात घोळवत होते. साहेब अकराला येणार. खोलीत कुणी नसणार. साहेब लिहिणार, वर्ग अस्तित्वात नाही.

बाराच्या सकाळी विमला पेज ढवळत असताना ते उठले आणि ओहोळाकडे चालू लागले. वाटेत मथुरा पाणी भरत होती. तिने त्यांच्या अंगातला इस्त्रीचा कोट पाहिला.

"मास्तर, जाव नका," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घोट्याभर पाण्यातून ते पलीकडे गेले.

रिकाम्या गावातून चालताना त्यांना आपल्या वहाणांचा आवाज सोसवेना, म्हणून त्यांनी वहाणा हातात घेतल्या. उघड्या दारांतून रिकामी माजघरं दिसत होती. कुत्रं नाही, कोंबडा नाही. आपला देवावर फारसा विश्वास नाही असं ते मुंबईत मित्रांना सांगत असत. तो अविश्वास इथे कुठे गेला होता कोण जाणे. धर्मशाळेत शिरून ते खुर्चीवर बसले, कोट नीट केला आणि घड्याळाकडे पाहत राहिले. अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला. छातीतून शिट्टी वाजू लागली तेव्हा ते उठले. साहेब आलेच नाहीत. देवाचंही मोडलं आणि सरकारचंही झालं नाही, असा माणूस तोंड कुठे दाखवणार?

ते ओहोळ ओलांडून आले तर पोरं त्यांच्याकडे धावत आली. साहेब येऊन गेले होते. एसटीचा कंडक्टर शेजारच्या गावचा. गावपळण चालू असताना खारवण्यात गाडी थांबवायला त्याने साफ नकार दिला आणि साहेबांना सुटकेससकट शिवेवर उतरवलं. मथुरेने त्यांना बसायला घोंगडी घातली, शहाळं दिलं, आणि मास्तर कामासाठी गेलेत असं कचेरीतल्या शुद्ध मराठीत सांगून वर्ग स्वतः घेतला. मजकूर तिनेच सांगितला. पोरांनी पेट्यांवर वाकून टाइप केलं. एक शेळी कागद खायला आली तेव्हा साहेबांनीच तिला हाकललं म्हणे. दीड तास बसले, वहीत काही लिहिलं, आणि हसले नाहीत की रागावले नाहीत.

काय लिहिलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांची ती रात्र कशी गेली ते विमलेने नंतर पुष्कळदा सांगितलं, पण ते जाऊ दे.

तेराला सकाळी सामान बांधून सगळे तयार होते. कौल घ्यायला पाच मानकरी तेवढे शिवेच्या आत देवळात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच बायकांनी ओळखलं. कौल डावा पडला होता. देव गावात येऊ देत नव्हता.

पेज संपत आली होती. तुळसाआजीला थंडी बाधली होती आणि तिची धाप झोपडीबाहेर ऐकू येत होती. भिकाजीदादा सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले.

"कोणाकडसून काय चूक झाली आसात तर आत्ताच सांगा."

मास्तरांना उभं राहायचं नव्हतं. खोली देवस्थानची होती. बोललो तर खोली गेली, खोली गेली तर क्लास गेला, साहेबांनी वहीत काहीही लिहिलेलं असो. मथुरा त्यांच्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. ती कधीच सांगणार नाही, हे त्यांना कळलं. आणि नेमकं त्यामुळेच ते उठले.

"मी गेललंय," ते म्हणाले. "काल. धर्मशाळेत. दोन तास बसललंय."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी खोली काढून घ्या असं म्हणालं, तेही मास्तरांनी ऐकलं. दादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, गावाकडे तोंड केलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान पोरांच्या काळजीन तुझी शीव मोडल्यान, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"आणि ज्या कामासाठी त्येना ही चूक केल्यान, ता काम तुझ्या कृपेन तडीक जांव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

खोली काढून घ्या म्हणणाराही त्यात होता. मास्तर रडत होते, आणि चारचौघांत रडण्याची लाजही त्यांना वाटत नव्हती.

एका दिवसात दोन कौल लावत नाहीत. गाव आणखी एक दिवस बाहेर राहिलं, मास्तरांमुळे. दुपारी तुळसाआजीने सुनेकरवी त्यांना वाटीभर पेज पाठवली. दुसऱ्या दिवशी कौल उजवा पडला.

मान्यतेचं पत्र माघात आलं, सोबत साहेबांच्या अहवालाची नक्कल. मास्तरांनी ती वर्गात मोठ्याने वाचायला घेतली. मान्यता मंजूर, पोरांनी बाकं बडवली. वर्गाची शिस्त समाधानकारक, टंकलेखनाचा वेग समाधानकारक, एका विद्यार्थिनीचा उत्तम. मथुरेने मान खाली घातली. मग मास्तर पुढच्या रकान्याशी आले आणि थांबले. पोरांनी पुढचं वाचा म्हणून गलका केला, तरी त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि सगळ्यांना सरावाला बसवलं.

रकाना जागेचा होता. तिथे साहेबांनी लिहिलं होतं: पाहण्याची आवश्यकता भासली नाही.